एका ओळीत मावलेला प्रबंध

डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचं 'द इव्होल्यूशन ऑफ प्रोव्हिन्शियल फायनान्स इन ब्रिटिश इंडिया' हे पुस्तक लंडनच्या पी. एस. किंग अँड सन या प्रकाशनानं १९२५ मध्ये काढलं. प्रस्तावना लिहिली ती त्यांचे कोलंबिया विद्यापीठातले प्राध्यापक एडविन सेलिग्मन यांनी. या कामाबद्दल कोलंबियानं बाबासाहेबांना पीएच.डी. दिली १९२७ मध्ये. पण कोलंबियातलं त्यांचं शिक्षण तर १९१६ मध्येच संपलं होतं, आणि त्याच वर्षी त्यांनी 'द नॅशनल डिव्हिडंड ऑफ इंडिया' नावाचा प्रबंध सादर केला होता. तोच प्रबंध पुढे पुस्तकरूपानं आला, असं धनंजय कीर यांच्या चरित्रावरून दिसतं. काही ठिकाणी मात्र तो दुसऱ्या एम.ए.साठी लिहिलेला प्रबंध म्हणून नोंदवलेला आहे.

आता एखाद्या संशोधक विद्यार्थिनीला या कामाचा संदर्भ द्यायचा आहे. वर्ष कोणतं लिहायचं? १९१६, १९२५ की १९२७? शीर्षक कोणतं? याला पुस्तक म्हणायचं की प्रबंध? संदर्भसूची हा प्रबंधाचा सर्वांत कंटाळवाणा भाग, असं समजणाऱ्यांनी या एका ओळीसमोर थोडं थांबून पाहावं. त्या ओळीत एका माणसाची अकरा वर्षं आहेत, अमेरिका आणि युरोप हे दोन खंड आहेत, आणि प्रबंधाच्या छापील प्रती जमा झाल्याशिवाय पदवी न देण्याची त्या काळच्या अनेक अमेरिकी विद्यापीठांची रीतही आहे.

उत्तर मात्र सरळ आहे. जे हातात घेऊन वाचलं, त्याचाच संदर्भ द्यायचा. १९२५चं पुस्तक वाचलं असेल तर लेखक, वर्ष, शीर्षक, प्रकाशक, आणि पुढे पृष्ठ. पुस्तकाच्या मुळाशी पदवीचा प्रबंध आहे हे सांगायचंच असेल, तर ते आपल्या मजकुरात सांगावं; सूचीतल्या नोंदीत प्रबंधाचं वर्ष आणि पुस्तकाचं शीर्षक यांची खिचडी करू नये. बाबासाहेबांच्याच 'द प्रॉब्लेम ऑफ द रुपी' या लंडनच्या डी.एस्सी.च्या प्रबंधाचं उदाहरण घ्या. तो १९२३ मध्ये या नावानं छापून आला आणि १९४७ मध्ये मुंबईहून 'हिस्टरी ऑफ इंडियन करन्सी अँड बँकिंग, खंड १' या नावानं निघाला. ज्यानं १९४७ची प्रत वाचली आणि १९२३चा संदर्भ दिला, त्याच्या तळटिपेतलं पान शोधायला गेलेला वाचक भलत्याच पानावर जाऊन पोचेल.

प्रबंधाच्या बाबतीत एवढी काळजी का घ्यायची? पुस्तकाला प्रकाशक असतो, आवृत्ती असते, गावोगावच्या ग्रंथालयांत प्रती असतात. संदर्भ जरा चुकला तरी चालून जातं, कारण पुस्तक कुठे ना कुठे सापडतंच. जुन्या प्रबंधाचं तसं नव्हतं. टाइपरायटरवर कार्बन घालून काढलेल्या मोजक्या प्रती, रेक्झिनचं बाइंडिंग, वर सोनेरी अक्षरं. एक प्रत विद्यापीठाच्या ग्रंथालयात, एखादी विभागात, एखादी मार्गदर्शकांकडे. बाजारात त्याचं अस्तित्व शून्य. अशा लेखनापर्यंत दुसऱ्या माणसाला पोचवणारी वाट एकच, आणि ती म्हणजे आधीच्या कुणीतरी आपल्या संदर्भसूचीत लिहून ठेवलेला त्याचा पत्ता. पत्त्यातलं एक अंग चुकलं की तीन-चार वर्षांचं काम असून नसल्यासारखं होतं.

या पत्त्याची अंगं सहा: कुणी लिहिलं, केव्हा, काय नावाचं, कोणत्या पदवीसाठी, कोणत्या विद्यापीठात, आणि ते कुठे वाचायला मिळतं. ही सहाही अंगं वरवर अगदी निरुपद्रवी दिसतात. प्रत्येकाच्या पोटात मात्र एकेक नवल दडलेलं आहे.

पहिलं नाव. प्रबंधाचा लेखक कोण, यात शंका घ्यायला जागा कुठली, असं वाटेल. पण अठराव्या शतकातल्या स्वीडनमध्ये जाऊन पाहा. वनस्पती आणि प्राण्यांना दोन पदांची शास्त्रीय नावं देणारी पद्धत रूढ करणारे कार्ल लिनियस उप्साला विद्यापीठात प्राध्यापक होते. त्यांच्या अध्यक्षतेखाली १८६ प्रबंधांचा जाहीर बचाव झाला. तेव्हाच्या रिवाजाप्रमाणे यातल्या बहुतेक प्रबंधांचा आशय लिनियस यांचाच असे. विद्यार्थ्याचं काम ते लॅटिनमध्ये उभं करून सभेत त्याचा बचाव करण्याचं. म्हणून आजही असे प्रबंध नोंदवताना अध्यक्ष आणि बचाव करणारा विद्यार्थी अशी दोन्ही नावं, दोघांच्या भूमिकांसह, दिली जातात. आपल्या काळात चक्र पूर्ण उलटं फिरलं आहे. लेखक म्हणजे विद्यार्थी, आणि तो एकटाच. मार्गदर्शकाचं नाव संदर्भात येत नाही. आपल्याकडच्या सूच्यांमध्ये आदरापोटी मार्गदर्शकांचं नाव जोडण्याचा मोह अनेकांना होतो. तो आदर ऋणनिर्देशात व्यक्त करावा.

नावाचा दुसरा पेच दाखवायला सेसिलिया पेन यांच्याइतकं चांगलं उदाहरण नाही. सूर्य आणि तारे मुख्यतः हायड्रोजन आणि हेलियमचे बनलेले आहेत, हे त्यांच्या १९२५च्या प्रबंधातल्या आकड्यांतून प्रथम दिसलं. हेन्री नॉरिस रसेल यांच्यासारख्या तेव्हाच्या बड्या खगोलशास्त्रज्ञाला ते पटेना. त्यांच्या मतामुळे पेन यांनी प्रबंधातच असं लिहून टाकलं की हे प्रमाण बहुधा खरं नसावं. चार वर्षांनी रसेल स्वतः वेगळ्या वाटेनं त्याच निष्कर्षाला येऊन पोचले. पुढे लग्नानंतर या विदुषी पेन-गापोश्किन या नावानं जगाला माहीत झाल्या. पण प्रबंधावर जे नाव आहे, तेच संदर्भात येणार:

पेन, सेसिलिया एच. (१९२५). स्टेलर ॲटमॉस्फिअर्स: अ काँट्रिब्यूशन टू द ऑब्झर्व्हेशनल स्टडी ऑफ हाय टेंपरेचर इन द रिव्हर्सिंग लेयर्स ऑफ स्टार्स [पीएच.डी. प्रबंध]. रॅडक्लिफ कॉलेज.

या नोंदीतला शेवटचा शब्द पाहा. पेन यांचं सगळं काम हार्वर्डच्या वेधशाळेत झालं. प्रबंध हार्वर्ड वेधशाळेच्या ग्रंथमालेतला पहिला ग्रंथ म्हणूनही छापला गेला. तरीही संस्था म्हणून रॅडक्लिफ कॉलेजच लिहायचं, कारण हार्वर्ड तेव्हा स्त्रियांना पीएच.डी. देत नसे. 'हार्वर्ड' असं लिहिलं तर एका शब्दानं इतिहास खोटा ठरतो, आणि जे श्रेय हार्वर्डचं नव्हतं ते आपण त्याला बहाल करून बसतो. पेन यांच्या निष्कर्षाबद्दल लिहिणाऱ्यानं पृष्ठाचा आकडा का द्यायचा, तेही यातून कळतं. एका पानावर आकडे आहेत, दुसऱ्या पानावर त्या आकड्यांवरचा अविश्वास आहे. नुसतं 'पेन, १९२५' म्हटल्यानं आपण यातलं काय पुढे केलं, हे वाचकाला कसं समजणार?

संस्थेच्या नावाचा प्रश्न महाराष्ट्रात तर रोजचा आहे. १९८५ साली मराठवाडा विद्यापीठाला सादर झालेला प्रबंध आज उघडला, तरी संदर्भात 'मराठवाडा विद्यापीठ, औरंगाबाद' असंच यायला हवं. विद्यापीठाचा नामविस्तार १९९४ मध्ये झाला, शहराचं नाव त्यानंतर कितीतरी वर्षांनी बदललं. पुणे विद्यापीठ २०१४ मध्ये सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठ झालं, उत्तर महाराष्ट्र विद्यापीठ २०१८ मध्ये कवयित्री बहिणाबाई चौधरींच्या नावाचं झालं. मुखपृष्ठावर जे नाव छापलं आहे तेच ठेवावं. वाचकाला मदत म्हणून चौकटी कंसात आजचं नाव देता येईल. जुनं नाव खोडून नवं लिहिणं म्हणजे दस्तऐवजावर गिरगोटणं आहे.

आता वर्ष. आज आपल्या हातातल्या फोनपर्यंत सगळी डिजिटल यंत्रं ज्या कल्पनेवर उभी आहेत, ती क्लॉड शॅनन या विद्यार्थ्यानं एमआयटीच्या एम.एस.च्या प्रबंधात मांडली. हो-नाहीच्या तर्कशास्त्राचं गणित विजेच्या स्विचांच्या जोडणीत उतरवता येतं, हे त्यानं दाखवलं. प्रबंध १९३७चा, त्यावरचा निबंध नियतकालिकात आला १९३८ मध्ये, आणि पदवीचं साल १९४०. त्यामुळे एकाच कामाची तीन वर्षं ग्रंथांमधून फिरताना दिसतात. प्रचलित शैलींमध्ये पदवी ज्या वर्षी मिळाली किंवा प्रबंधाच्या मुखपृष्ठावर जे वर्ष आहे ते देतात. ही दोन वेगळी असतील तर कोणतं वापरलं, हे एका टिपेत सांगून टाकावं. शॅननच्या उदाहरणातून आणखी एक गोष्ट लक्षात यावी: हा पीएच.डी.चा प्रबंध नव्हता. पदव्युत्तर पातळीवरचं काम म्हणून ते दुय्यम मानायचं कारण नाही.

म्हणूनच पदवीचं नाव लिहायला हवं. अमेरिकेत पीएच.डी.च्या प्रबंधाला डिझर्टेशन आणि मास्टर्सच्या प्रबंधाला थीसिस म्हणतात. ब्रिटनमध्ये बहुधा याच्या उलट. नुसतं 'थीसिस' लिहून भागत नाही, 'पीएच.डी. प्रबंध', 'एम.फिल. लघुप्रबंध', 'एम.ए. लघुप्रबंध' असं स्पष्ट हवं. यातल्या एम.फिल.ची तर गंमतच आहे. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०२२च्या नियमावलीनं ही पदवी बंद केली. म्हणजे गावागावांतल्या बोली, तमाशाचे फड, एखाद्या तालुक्यातली शेती यांवर निष्ठेनं लिहिलेल्या एम.फिल.च्या लघुप्रबंधांचा साठा आता वाढायचा नाही. त्यांचा पत्ता नीट लिहिणारा शेवटचा वाचक कदाचित आपणच असू.

आवृत्तीनं किती फरक पडतो, हे पाहायचं तर आल्बर्ट आइनस्टाइन यांचा प्रबंध उघडावा. १९०५ मध्ये झुरिच विद्यापीठाला सादर केलेला हा प्रबंध मित्र मार्सेल ग्रॉसमान यांना अर्पण केलेला आहे, आणि त्याचा विषय आहे पाण्यात विरघळलेली साखर. साखर विरघळली की पाणी किंचित दाट होतं. तो दाटपणा आणि साखर पाण्यात पसरण्याचा वेग या दोन मोजमापांवरून साखरेचा एक रेणू केवढा असेल, हे आइनस्टाइन यांनी काढलं. आणि त्याबरोबरच एका मोलमध्ये किती रेणू असतात हा आकडाही, म्हणजे आपण शाळेत शिकतो तो ॲव्होगॅड्रोचा अंक. चहाच्या कपात घडणाऱ्या गोष्टीवरून अणुरेणूंची शिरगणती! प्रबंधात उत्तर आलं २.१ गुणिले दहाचा तेविसावा घात. १९०६ मध्ये हेच लेखन 'आनालेन डेर फिजिक' या नियतकालिकात आलं, तेव्हा मोजमापांची चांगली आकडेवारी हाती आली होती. जोडलेल्या पुरवणीत आकडा झाला ४.१५. पुढे पॅरिसमध्ये ज्याँ पेरँ यांच्या प्रयोगशाळेत केलेली मापनं आइनस्टाइन यांच्या सूत्राशी जुळेनात. लुडविग होप्फ या त्यांच्या सहकाऱ्यानं आकडेमोड पुन्हा तपासली तर एका पायरीवर चूक सापडली. ती दुरुस्ती १९११ मध्ये प्रसिद्ध झाली आणि आकडा आला ६.५६. आजचा मान्य आकडा ६.०२२ आहे.

तेव्हा 'आइनस्टाइन यांच्या प्रबंधानुसार' असं म्हणून ६.५६ लिहिणारा चुकतो, आणि '१९११ च्या दुरुस्तीनुसार' असं म्हणून २.१ लिहिणाराही चुकतो. १९०५, १९०६, १९११ या केवळ तारखा नाहीत. एक विचार स्वतःला कसा दुरुस्त करत गेला, त्याचे ते तीन टप्पे आहेत. संदर्भ अचूक असेल तरच हे टप्पे वेगवेगळे दिसतात. प्रबंध, त्यावरचा निबंध आणि त्यावरचं पुस्तक या तीन निराळ्या वस्तू मानायच्या, हा नियम तिथून येतो.

संदर्भ मांडण्याच्या शैलींमध्येही बरंच काही वाचण्यासारखं आहे. एपीए शैलीत प्रबंधाचं शीर्षक तिरप्या टाइपात येतं, शिकागो शैलीत ते अवतरणचिन्हांत येतं. शिकागोच्या दृष्टीनं तिरपा टाइप हा स्वतंत्रपणे प्रकाशित झालेल्या ग्रंथाचा मान. प्रबंध जोवर पुस्तक होत नाही, तोवर त्याला तो मिळत नाही. एपीएच्या २०१९च्या सातव्या आवृत्तीत प्रबंधांचे सरळ दोन गट केले आहेत. फक्त ग्रंथालयाच्या कपाटात मिळतो तो 'अप्रकाशित', आणि एखाद्या माहितीकोशात किंवा ऑनलाइन भांडारात ठेवलेला असेल तो प्रकाशित. पुण्याच्या जयकर ग्रंथालयात वर्षानुवर्षं बसून असलेला एखादा प्रबंध स्कॅन होऊन 'शोधगंगा'वर चढला, तर त्यातलं एक अक्षरही न बदलता नोंदीतला 'अप्रकाशित' हा शब्द गळून पडतो. मराठीत लिहिताना देवनागरीचा तिरपा टाइप डोळ्यांना खुपतो, म्हणून आपल्याकडे एकेरी अवतरणचिन्हं किंवा ठळक टाइप वापरतात. काहीही वापरा, सूचीभर एकच पद्धत ठेवा. साचा असा धरता येईल:

आडनाव, नाव. (वर्ष). 'प्रबंधाचं शीर्षक' [अप्रकाशित पीएच.डी. प्रबंध]. विद्यापीठ, गाव.

आणि ऑनलाइन मिळाला असेल तर 'अप्रकाशित' काढून शेवटी भांडाराचं नाव आणि दुवा. तळटिपेत तोच संदर्भ लगेच पुन्हा आला की 'तत्रैव' आणि पृष्ठ.

'शोधगंगा'चा उल्लेख आलाच आहे, तर तिथे जरा रेंगाळू. गांधीनगरच्या इन्फ्लिबनेट केंद्रानं चालवलेलं हे भांडार. विद्यापीठ अनुदान आयोगानं २००९च्या नियमावलीत पीएच.डी.च्या प्रबंधाची इलेक्ट्रॉनिक प्रत देणं बंधनकारक केलं, आणि आज देशभरातले पाच लाखांहून अधिक प्रबंध तिथे फुकट वाचायला मिळतात. मार्गदर्शकांची चिठ्ठी घेऊन, एसटीनं परगावच्या विद्यापीठात जाऊन, ग्रंथालयात बसून हातानं टिपणं काढणाऱ्या पिढीला हे कुबेराचं भांडार वाटेल, आणि ते तसं आहेच. तिथल्या नोंदीत संशोधक, मार्गदर्शक, विद्यापीठ आणि काम पूर्ण झाल्याची तारीख वेगवेगळ्या ओळींत दिलेली असते. त्याच नोंदीत 'यूआरआय' या नावापुढे हँडलचा दुवा असतो. त्यात १०६०३ हा शोधगंगेचा क्रमांक आणि पुढे त्या प्रबंधाचा स्वतःचा क्रमांक. संदर्भात हाच दुवा द्यायचा. ब्राउझरच्या वरच्या पट्टीतला लांबलचक पत्ता उद्या संकेतस्थळाची रचना बदलली की मरतो. हँडल मात्र प्रबंध हलवला तरी त्याच्यामागे जाईल, अशा बेतानंच योजलेला असतो.

आणखी एक बारकावा. शोधगंगेवर प्रबंध प्रकरणागणिक वेगळ्या फायलींत ठेवलेले असतात: शीर्षकपान एका फायलीत, प्रमाणपत्र दुसऱ्या, मग एकेक प्रकरण. तिसऱ्या प्रकरणाची फाइल उघडली की पडद्यावर पान १ दिसतं, पण कागदावर खाली ८७ छापलेलं असतं. संदर्भात ८७ लिहायचं. पडद्यावरचा आकडा फायलीचा असतो, कागदावरचा प्रबंधाचा. छापील प्रत घेऊन बसलेल्या वाचकालाही आपला संदर्भ सापडला पाहिजे.

आणि दुवा दिला म्हणून बाकीची अंगं गाळायची नाहीत. ऑक्टोबर २०२३ मध्ये ब्रिटिश लायब्ररीवर सायबर हल्ला झाला आणि ब्रिटनमधल्या लाखो प्रबंधांच्या नोंदी सांभाळणारी 'ईथॉस' ही सेवा बंद पडली. त्या दिवशी ज्यांच्या संदर्भसूचीत फक्त दुवे होते, त्यांच्या हातात काही उरलं नाही. लेखक, वर्ष, शीर्षक, पदवी, विद्यापीठ हे सगळं लिहून ठेवणाऱ्यांचे संदर्भ मात्र जिवंत राहिले, कारण प्रबंध त्या त्या विद्यापीठात होतेच.

आता सर्वांत नाजूक गोष्ट. सूचीत नाव आलं की ऋण फिटलं, असं नाही. मार्टिन ल्यूथर किंग यांनी १९५५ मध्ये बोस्टन विद्यापीठात पीएच.डी. मिळवली. त्याच विद्यापीठात तीन वर्षं आधी जॅक बूझर यांनी तत्त्वज्ञ पॉल टिलिक यांच्यावर प्रबंध लिहिला होता. किंग यांनी आपल्या प्रबंधात बूझर यांच्या कामाची नोंद घेतली होती, त्याला चांगलंही म्हटलं होतं. पण पुढे बूझर यांची वाक्यंच्या वाक्यं अवतरणचिन्हांशिवाय आपल्या मजकुरात घेतली. किंग यांच्या कागदपत्रांचं संपादन करणाऱ्या अभ्यासकांनाच हे आढळलं. १९९१ मध्ये विद्यापीठाच्या समितीनं उसनवारी झाल्याचं मान्य केलं, पदवी काढून न घेण्याची शिफारस केली, आणि तसं सांगणारं पत्र ग्रंथालयातल्या प्रतीला जोडायला सांगितलं. किंग यांच्या लढ्याची उंची यानं तसूभरही कमी होत नाही. पण एका प्रबंधानं दुसऱ्या प्रबंधाचं ऋण कुठे आणि कसं मान्य करायचं, याचा याहून स्पष्ट धडा शोधून सापडायचा नाही: ज्या ओळीत घेतलं, त्या ओळीतच सांगायचं.

आपल्याकडे विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१८च्या नियमावलीनुसार इतरांच्या लेखनाशी साम्य दहा टक्क्यांवर गेलं की पायरीपायरीनं कारवाई होते. त्याच नियमावलीत योग्य श्रेय देऊन घेतलेली अवतरणं आणि संदर्भसूची या मोजणीतून वगळली आहेत. म्हणजे प्रामाणिक संदर्भ हा आपलं संरक्षणही करतो. तरी शब्द बदलून घेतलेला दुसऱ्याचा विचार सॉफ्टवेअरला अनेकदा सापडत नाही. तिथे फक्त आपली सचोटी असते. मूळ प्रबंध न पाहता दुसऱ्याच्या पुस्तकातून त्याचं अवतरण उचललं असेल, तर 'अमुक ग्रंथात उद्धृत' असं लिहायला लाज वाटून घेऊ नये. ते लिहिणाराच वाचकाला खरं सांगतो.

म्हणून एक सवय लावून घ्या. कोणताही प्रबंध उघडला की पहिलं प्रकरण वाचण्याआधी त्याच्या शीर्षकपानावरून नाव, वर्ष, पूर्ण शीर्षक, पदवी आणि विद्यापीठ जसंच्या तसं उतरवा, कपाटाचा क्रमांक किंवा हँडल खाली लिहा, आणि टिपण काढताना प्रत्येक ओळीपुढे कागदावरचं पृष्ठ टाका. पाच मिनिटांचं काम आहे. आपला स्वतःचा प्रबंध सादर करताना त्याचं शीर्षकपानही याच नजरेनं तपासा: नावाचं लेखन सगळीकडे एकच आहे ना, पदवी, विभाग आणि वर्ष स्पष्ट आहेत ना, शीर्षकावरून विषय, प्रदेश आणि काळ कळतो ना. तुमचं काम पुढे नेणारा अभ्यासक अजून शाळेतही गेला नसेल. त्याला तुमच्यापर्यंत यायचं झालं, तर त्याच्या हाती तुम्ही लिहिलेलं ते एक पान असेल आणि दुसऱ्या कुणीतरी नीट उतरवून घेतलेली एक ओळ.